सुट्या भागांतला चन्नप्पा

शुक्रवार पेठेतल्या चन्नप्पा हत्तुरेने आपली गाडी विकायला काढली, ही गोष्ट तशी साधी होती. गाडी चालू होती. कागद ठीक होते. घेणाऱ्याने किल्ली फिरवावी आणि निघावे, एवढेच काम. सोपी कामे आपल्याकडे किती अवघड असतात याचा चन्नप्पाला अंदाज नव्हता, कारण त्याचे निम्मे आयुष्य जमिनीपासून बरेच वर गेले होते.

त्याची गाडी म्हणजे काही साधा मालट्रक नव्हे. ट्रकच्या पाठीवर दुमडून ठेवलेला लांबलचक लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला कमरेइतके उंच पिंप. पिंपात उभे राहायचे, आतली कळ दाबायची, की तेलाच्या दाबाने हात उलगडत जाई आणि माणूस रस्त्यावरच्या दिव्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राही. सरकारी भाषेत तिला 'उंचीवरील कामांसाठीचे विशेष उपयोगी वाहन' म्हणत. सोलापूर तिला पाळणागाडी म्हणे.

पाळण्यातून शहर वेगळेच दिसायचे. गच्च्यांवर वाळत टाकलेल्या चादरी, कुरडयांची पांढरी नक्षी, पत्र्यावर कुणीतरी फेकलेली आणि मग कुणीच न शोधलेली चप्पल. नवी पेठेतल्या बायका दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून चहाचा कप थेट पाळण्यात द्यायच्या. "अण्णा, साकर कमी टाकलीया. वर लई गोड बरं न्हवं, चक्कर यील," असेही सांगायच्या. घरी शरणम्मा, म्हणजे चन्नप्पाची बायको, कडक भाकऱ्या थापताना गुणगुणायची:

शेजीचा गं धनी, गेला पुण्याला राबाया
माझा गं धनी, रोज चांदण्या पुसाया

चांदण्या पुसण्याचे हे काम चन्नप्पाला शहर उंची व्यवस्थापन मंडळाकडून मिळायचे. पहिल्या मजल्याच्या वर शहरात जे जे काही आहे ते ते या मंडळाच्या अखत्यारीत येई. मंडळाचे कार्यालय अर्थात तळमजल्यावर होते, कारण उंचीचा विचार खालूनच शांतपणे करता येतो.

एके दिवशी मंडळाने चन्नप्पाची गाडी भाड्याने घेणे थांबवले. मंडळाचे मूल्यमापन अधिकारी मानसिंग घाडगे सज्जन होते. त्यांनी कारणही समजावून सांगितले.

"हत्तुरे, शहरात नवे दिवे बसवलेत. दहा वर्षांची हमी आहे. हमीच्या काळात दिवा गेला तर कंपनीला दंड होतो. कंपनीने अजून दंड भरलेला नाही. म्हणजे दिवा गेलेला नाही. दिवा जात नसेल, तर तो दुरुस्त करणारी गाडी कशाला हवी?"

"पर साहेब, नवी पेठंच्या कोपऱ्यावर अंधार हाय की."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण अंधार आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त दिवे."

अशा रीतीने गाडी विकायला निघाली. पण हमीचे दिवे काही एकट्या सोलापुरात बसले नव्हते. बार्शीपासून विजापुरापर्यंत जिथे जिथे दिवे जायचे बंद झाले, तिथल्या तिथल्या पाळणागाड्या एकदमच बाजारात आल्या. त्यांच्या मागोमाग गटारे उपसणाऱ्या टाकीच्या गाड्या आल्या, कारण गटारांनाही आता हमी होती. दोर तुटलेला पोहरा विहिरीत जावा तसा भाव खाली गेला. सकाळी फोनवर मामा म्हणणारे दलाल दुपारी चन्नप्पा म्हणू लागले आणि संध्याकाळी त्यांनी फोन उचलणे सोडले.

शेवटी एक गिऱ्हाईक मिळाले, कुर्डुवाडीचे. त्याने मंडळाचा मूल्यांकनाचा दाखला मागितला. चन्नप्पा पुन्हा तळमजल्यावर गेला. घाडगेसाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने हलकेच ठोसले, आणि आत येऊन आकडेमोड केली.

"ट्रकचे वय वजा. यंत्राचे वय वजा."

"साहेब, वय एकच की. दोगांचं लगीन येकाच दिवशी लागलंय."

"लग्न एका दिवशी लागले तरी नवराबायकोची वये वेगवेगळीच धरतात, हत्तुरे. आता ट्रक म्हणून पाहिले, तर त्याच्या पाठीवर यंत्राचे ओझे आहे. ते वजा. यंत्र म्हणून पाहिले, तर त्याच्या बुडाशी ट्रकचे लोढणे आहे. तेही वजा." साहेब थांबले. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला. तरी उत्तर तेच येत होते. "तुमच्या गाडीची किंमत उणे आली आहे."

"उणे म्हंजी? इकली तर वरनं मीच पैसं द्यायचं?"

"घेणाऱ्याने मागितले तर. भले लोक सहसा मागत नाहीत."

चन्नप्पाचा चेहरा पाहून साहेबांना वाईट वाटले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मनाला लावून घेऊ नका. तुमच्या गाडीत वाईट असे काही नाही. इंजिन चांगले, हात चांगला, पाळणा चांगला. प्रत्येकाला भाव आहे. ती सगळी मिळून एक आहे, एवढाच तिचा दोष."

अक्कलकोट रस्त्यावर गुरुसिद्धप्पाचा गाड्या तोडायचा अड्डा होता. गुरुसिद्धप्पा हा शरणम्माचा चुलतभाऊ. त्याच्या अड्ड्याची एक रीत होती. गाडीवर गॅसची पहिली ज्योत टेकवायच्या आधी नारळ फोडायचा, आणि मालकाने गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. मालकाची नजर गाडीवर असेपर्यंत लोखंड कापले जात नाही, असे गुरुसिद्धप्पाचे म्हणणे होते.

"काय वो दाजी, कवापास्नं हुबा हायसा! फिरवा की पाठ," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "ग्यास जाळतोय नुसता मी."

"फिरवतो की. घाई काय तुला?"

"मला न्हाय वो, गिऱ्हाइकाला हाय. भायेर रांग लागलीया."

शरणम्माने गाडीला हळदकुंकू लावले, बंपरवरची वाळकी लिंबे सोडवून पदरात घेतली, आणि नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून लहान मुलाला वळवावे तसे त्याला वळवले. पाठीमागे ज्योत फुत्कारली.

आणि खरोखरच बाहेर रांग होती.

पाळणा एका मंगल कार्यालयाने नेला. हल्ली नवरानवरी दारातून आत येत नाहीत. ती आकाशातून उतरतात. पाळण्याला सोनेरी रंग मारला, गुलाब लावले, की दिव्याची काच पुसायला चढणारे पिंप स्वर्गातून उतरणारे होते. लोखंडी हात युवकांचे आशास्थान दिग्विजयदादा यांच्या मित्रमंडळाने घेतला. दादांच्या वाढदिवसाचा हार यंदा माणसांच्या हातांना पेलेल असा राहिला नव्हता. टपावरचा पिवळा फिरता दिवा एका बांधकाम व्यावसायिकाच्या मोटारीवर गेला, कारण त्यांना घरून कार्यालयात रोज तातडीने जावे लागे. इंजिन खडी फोडायच्या यंत्राला लागले. ब्रेक तेवढे कुणी घेईना. लोक हाताळून बघायचे आणि ठेवून द्यायचे. "आमच्याकडं हायत, पर लागत न्हाईत कदी," म्हणायचे.

सगळ्यात मोठी बोली मात्र लागली ती दरवाजावरच्या पत्र्याला. त्यावर लाल अक्षरांत 'तातडीची लोकसेवा' असे रंगवलेले होते. त्या पत्र्यासाठी दोन प्रतिष्ठित नागरिक अड्ड्यातच हमरीतुमरीवर आले. एकाला तो टोलनाक्यासाठी हवा होता. दुसऱ्याला, दुकानासमोर गाडी कुठेही लावता यावी म्हणून. शेवटी गुरुसिद्धप्पाने पत्रा मधोमध कापला. 'तातडीची' एकाने नेले, 'लोकसेवा' दुसऱ्याने. 'लोकसेवा' नेणाऱ्याने थोडे कमी दिले.

"बघा दाजी," गुरुसिद्धप्पा हात पुसत म्हणाला. "आख्खी हुती तवा कुत्रं तंगडी वर करत न्हवतं. आता कसं?"

परतताना रिक्षात शरणम्माने पदराची गाठ घट्ट केली. मग पदरातली लिंबे चाचपत, कुणाला ऐकू जावे असे नाही, पण जाऊ नये असेही नाही, अशा बेताने म्हणाली:

तुकड्या-तुकड्याला, बोली लावितो गाव
आख्ख्या गं गाडीचा, कुणी इचारीना भाव

गाडी गेली तरी चन्नप्पाचे हात शिल्लक होते. कुणाच्या तरी पाळण्यात आपण पुन्हा उभे राहू, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी तो शहरभर हिंडला. पाट्या लावणाऱ्यांनी त्याचे वय पाहिले. रंगकाम करणाऱ्यांनी त्याचे गुडघे पाहिले. तारा ओढणाऱ्यांनी त्याला नमस्कार केला, आणि त्या नमस्कारातच नकार होता.

मग एके दिवशी मंडळाची जाहिरात आली. शहरातला अंधार आता इतका झाला होता की तो तळमजल्यावरही जाणवू लागला होता. पण दिवे गेले असे म्हणता येत नव्हते, हमी होती. म्हणून जाहिरातीची भाषा जपून केलेली होती: 'शहरातील सर्व दिवे सुरू असून त्यांचा प्रकाश जमिनीपर्यंत अपेक्षित प्रमाणात पोहोचत नाही. सबब प्रकाशाच्या वाहतुकीसाठी पाळणागाडी, अनुभवी चालकासह, पाहिजे.'

ऋतुराज नावाचा तरुण कंत्राटदार पेढ्यांचा पुडा घेऊन चन्नप्पाच्या घरी आला. वाकून पाया पडला.

"काका, मला तुम्ही हवेत."

चन्नप्पा ताडकन उठला. त्याने खुंटीवरचा सदरा काढायलाही सुरुवात केली. "चल की मग. आत्ता येतो."

"बसा हो काका. तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं लायसन द्या. अनुभवाचा दाखला द्या. एक फोटो, हसरा नको. आणि हजेरीच्या यंत्रासाठी अंगठा एकदा उठवून द्या, त्याचं रबरी कव्हर करून घेतो मी. गाडीचं पुस्तक आहे ना अजून?"

"हाय. गाडी कापली, पुस्तक ऱ्हायलंय. पर मी सोता येतो की रं! आख्खाच येतो."

ऋतुराजला या अडाणीपणाची दया आली. "काका, आख्खा माणूस आणला की त्याची भूक येते, गुडघे येतात, विमा येतो. कागद खोकत नाही बघा. दर महिन्याला घरबसल्या पैसे पोहोचतील."

आतून शरणम्मा म्हणाली, "अवो, माणूस ठेवून अंगठा न्हेत्यात व्हय कुटं?"

"तू गप गं. नाव तर माझंच लागतंय की तितं!" चन्नप्पा म्हणाला, आणि त्याने स्वतःचे भाग एकेक करून ऋतुराजच्या हवाली केले. इथे गोष्ट सांगणाऱ्याने चन्नप्पाची बाजू घ्यायला हवी, पण घेता येत नाही. कारण त्या दिवशी त्याला खरोखर आनंद झाला होता. आपल्याला पुन्हा मागणी आली, असे त्याला वाटले. आणि लोखंड कापताना लागते तशी पाठ फिरवायचीही आता गरज नव्हती. तो समोर बसून पेढा खात होता.

दुसऱ्या दिवसापासून चन्नप्पाच्या फोनवर मंडळाचे संदेश येऊ लागले. 'चन्नप्पा हत्तुरे, आपण सध्या उंचीवर कार्यरत आहात. कृपया कमरेचा पट्टा बांधा.' तो भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून बसलेला असायचा, आणि संदेश आला की नकळत धोतराची गाठ आवळायचा. 'वाऱ्याचा वेग वाढला आहे, सावध राहा.' तो उठून खिडकी लावून घ्यायचा. गल्लीत तो आता जरा ताठ चालू लागला.

मग त्याच्याच बोळाच्या तोंडावरचा दिवा गेला, आणि काही दिवस तसाच राहिला.

बोळात पाण्याच्या नळासाठी खणलेला चर होता. बुजवायचे काम 'जमिनीखालील' मंडळाकडे होते आणि त्या मंडळाचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते. शेजारची केराबाई दिवेलागणीला शेंगा विकून टोपली डोक्यावर घेऊन येत होती. पाय चरात गेला. टोपली एकीकडे, केराबाई एकीकडे. सगळा बोळ गोळा झाला, आणि बोळाने केराबाईला उचलायच्या आधी चन्नप्पाला धरले.

"काय रं चन्नप्पा, पगार वरचा खातूस आन् उजेड कुटाय?"

"नाव लागलंय न्हवं तुजं दिव्यावर? मग?"

केराबाई चरातूनच ओरडली, "आरं माजा पाय गेला मुडद्या! तू हितं खाली काय करतूस? वर जा की!"

हे शेवटचे वाक्य चन्नप्पाला सगळ्यात जास्त लागले, कारण ते त्याच्याच मनातले होते.

सकाळी तो मंडळात गेला. घाडगेसाहेबांनी संगणकात पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काळजी नको. शुक्रवार पेठेत तुमच्या बोळात माणूस पोहोचलेला आहे. चन्नप्पा हत्तुरे या क्षणी तिथे उंचीवर कार्यरत आहेत."

"साहेब, चन्नप्पा मी."

"तुम्ही खाली आहात."

"व्हय."

"ते वर आहेत."

"साहेब, तुमी तर मला वळखता की! लई वर्सं झाली. तुमच्या घराम्होरला दिवा कुणी लावला?"

"मी ओळखतो हो," साहेब खरोखर कळवळून म्हणाले. "पण मी म्हणजे मंडळ नाही. मंडळ तुम्हाला आख्खे ओळखत नाही, ते तुम्हाला लायसन, दाखला, फोटो आणि अंगठा असे ओळखते. आणि ते चौघेही वर गेलेले आहेत. तुम्ही उरलेले आहात."

संध्याकाळी चन्नप्पा खांबाखाली येऊन उभा राहिला आणि मान मागे टाकून वर पाहत राहिला. अंधारात वर कुणी दिसते का, ते तो बघत होता, असे बोळातल्या लोकांना वाटले. तो खरेच तेच बघत होता. ओट्यावर बसलेली शरणम्मा म्हणाली:

एक धनी वर, एक धनी माझ्या दारी
सांगा गं शेजीबाई, कुणाला वाढू भाकरी

"गप बस," चन्नप्पा म्हणाला. मग म्हणाला, "रंगाऱ्याच्या दोन शिड्या आण मागून. आन् दोरी."

दोन शिड्या एकमेकींना बांधून, बोळातल्या चार माणसांनी खालून धरून, चन्नप्पा चढला. त्याचे गुडघे रंगकामवाल्यांनी पाहिले होते तसेच होते. पण हात त्याचेच होते. त्यांनी झाकण उघडले, जळलेली तार ओळखली, तोडली, सोलली, पिळली. दिवा लागला.

उजेड बोळभर पडला. ओट्यावरच्या बायकांची तोंडे एकदम लख्ख झाली, भिंतीवर पिंपळाच्या रोपट्याची सावली हलली, आणि पाय बांधून बाजेवर पडलेल्या केराबाईने उजेडाला हात जोडून कपाळाला लावले. "सुखी ऱ्हा रं मुडद्या," ती म्हणाली. लोकांनी दिव्याखाली उभे राहून आपापले फोटो काढले. चन्नप्पाचा कुणी काढला नाही. तो अजून वरच होता आणि फोटोत मावत नव्हता.

दोन दिवसांनी मंडळाची माणसे आली. विषय होता 'अनधिकृत उजेड'. घाडगेसाहेबांनी बोळातच खुर्ची टाकून सुनावणी घेतली.

"प्रश्न सरळ आहे," साहेब म्हणाले. "त्या वेळी चन्नप्पा हत्तुरे वर होते. मग हे गृहस्थ वर गेले ते कोण म्हणून गेले? हे चन्नप्पा नसतील, तर त्यांनी एका कार्यरत कर्मचाऱ्याची जागा बळकावली. हे चन्नप्पा असतील, तर आधीचे चन्नप्पा कुठे गेले, याचा खुलासा यांनाच करावा लागेल. मंडळींनो, एवढेच सांगा: दिवा बंद होता, आणि या माणसाने तो लावला. कुणी एकाने सांगितले तरी पुरे."

बोळातली सगळी माणसे हजर होती. पुढे कुणी येईना. सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

कारण साधे होते. दिवा बंद होता त्या दिवसांत रोज रात्री सर्वांच्या फोनवर मंडळाचा संदेश यायचा: 'आपल्या गल्लीतील दिवा सुरू आहे. आपण समाधानी आहात का?' त्याखाली एकच बटण होते. 'होय.' ते दाबेपर्यंत संदेश जागचा हलायचा नाही आणि फोनवर दुसरे काही बघता यायचे नाही. सगळ्यांनी दाबले. आणि या एकमताची दखल घेऊन मंडळाने बोळाला शहरातली पहिली 'समाधानी गल्ली' ठरवले होते. येत्या रविवारी कमान, फरशा, बसायला बाकडी आणि दिग्विजयदादांचे भाषण.

"केराबाई, तुमी तर चरातच पडलासा. सांगा की!" चन्नप्पा म्हणाला.

केराबाईने बांधलेला पाय पदराने झाकला. "माज्या फोनवर नातीनं दाबलंय बाबा. मला काय कळतंय त्यातलं? आन् पाय काय, उजेडातबी मोडतोय की."

दुसरा एक जण म्हणाला, "दिवा बंद हुता असं आमचं म्हणणं न्हाय साहेब. सुरू हुता असंबी न्हाय. आमी समाधानी हुतो, येवडंच."

शरणम्मा उठली. "मी सांगते. बंद हुता. आन् ह्यो माजा नवरा. हाच चन्नप्पा."

"बाई, बायकोची साक्ष आपल्या माणसाची साक्ष होते," साहेब नम्रपणे म्हणाले. "तरी विचारतो. लायसन, दाखला, फोटो आणि अंगठा हे सोडून यांच्यातला कोणता भाग तुम्ही खात्रीने ओळखू शकता?"

"घोरणं," शरणम्मा म्हणाली.

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "घोरण्याची नोंद मंडळाकडे नाही."

निकाल मात्र साहेबांनी सौम्य दिला. रविवारच्या आत गल्लीने स्वतःहून अनधिकृत उजेड काढून टाकला, तर चन्नप्पाचे सोंग घेतल्याचे प्रकरण मागे घेण्यात येईल आणि समाधानाला बाधा येणार नाही. काढला नाही, तर प्रकरणही चालेल आणि समाधानही जाईल.

शनिवारी दिवेलागणीला बोळ चन्नप्पाच्या दारात आला. सगळा. पुढे केराबाई, दोघींच्या खांद्यावर हात टाकून. कुणीतरी नारळ आणला होता, कुणी टोपी. त्याला कुणी अरे म्हणाले नाही.

"अण्णा, तुमीच चढा. आमच्यातल्या कुणाला जमणार हाय का ते? तुमच्यावानी माणूस न्हाय ह्या पेठंत."

"उद्याच्या दिवस जाऊ द्या. मंग बघू की."

"अण्णा, शिडी आमी धरतो. आख्खी गल्ली धरती."

चन्नप्पाने सगळ्यांकडे पाहिले. गाडी विकायला काढल्यापासून त्याला लायसनशिवाय, दाखल्याशिवाय, नुसता त्यालाच, डोक्यापासून पायापर्यंत, मागायला कुणी दारात आले नव्हते. शरणम्मा आतून म्हणाली, "जाऊ नगासा." त्याने ऐकले. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि शिडीकडे गेला.

त्याने दिव्याला हात घातला तेव्हा वरून त्याला पेठ दिसली. चादरी, कुरडया, पत्रे. खालून त्याच्याकडे वळलेली तोंडे, सगळी त्याच्याच उजेडात. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. 'चन्नप्पा हत्तुरे, आपण सध्या उंचीवर कार्यरत आहात.' अनेक महिन्यांत पहिल्यांदाच, मंडळाच्या संमतीने, कागदावरचा चन्नप्पा आणि हाडामासाचा चन्नप्पा एकाच जागी, एकाच वेळी, एकाच खांबावर होते. मंडळाची आणि माणसाची नोंद जुळली होती. त्याने तार ओढून तोडली.

बोळात अंधार झाला. मग खालच्या अंधारात एक चौकोन उजळला. मग दुसरा. मग सगळ्या बोळभर, निळसर, हातहातभर उजेडाचे तुकडे. 'आपल्या गल्लीतील दिवा सुरू आहे. आपण समाधानी आहात का?' शिडी धरलेल्यांनी एकेक हात सोडला, कारण अंगठा लागतो.

शिडी हलली. वरून चन्नप्पा ओरडला, "अरं धरा की!"

"येक मिनट अण्णा," खालून बोळ म्हणाला.

तुम्हीही हे वाचता वाचता मधेच एकदा फोन बघितलाच असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. संदेश आला असेल तर अंगठा तेवढा पुढे करा, त्याला भाव चांगला आहे. बाकीच्या तुमच्याला सध्या उठाव नाही.